फाउंडेशनवाली शाळा अकरावीला पुरते का? पारखायचं कसं

दिवाळी आटोपली की फोन सुरू होतात. "मॅडम, लेक सातवीत आहे. आठवीपासून फाउंडेशन असलेल्या शाळेत घालायचं म्हणतोय. तिथे दहावीचा पोर्शन नववीतच संपवतात. म्हणजे अकरावीला सोपं जाईल ना?" मी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवायचे, आता पुण्यात, कर्वेनगरात घरीच अकरावीची छोटी बॅच घेते. अशा शाळांतून आलेली मुलं दर वर्षी माझ्यासमोर बसतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. एखादीला पहिला धडा समजावला की ती पुढचा स्वतः वाचून येते. एखाद्याचं सगळं 'झालेलं' असतं, फक्त येत काही नसतं.

म्हणून फोनवर मी हो-नाही सांगत नाही. शाळा किती पुढे पळते यावरून काही कळत नाही. त्या पळापळीत मुलाच्या हाती काय उरलं ते बघावं लागतं, आणि ते बघायला आईवडिलांना कॅल्क्युलस यावं लागत नाही. दोन-तीन शनिवार, थोडा निगरगट्टपणा आणि एक कोरी वही एवढं पुरतं.

आधी शाळा कोणाची ते विचारा

पुण्यात 'फाउंडेशन' या पाटीखाली दोन वेगळ्या गोष्टी चालतात. एक, शाळेचेच शिक्षक पुढच्या वर्षाचा भाग ओढून आणतात. दोन, सकाळी शाळा आणि दुपारी त्याच वर्गात क्लासवाल्यांचे शिक्षक, ज्याला इंटिग्रेटेड म्हणतात. दुसऱ्या प्रकारात सकाळच्या बाई आणि दुपारचे सर एकमेकांना ओळखतही नसतात, असं मुलंच सांगतात. सकाळी त्रिकोणमितीची तोंडओळख चाललेली असते, दुपारी त्याच विषयाचं तिसरं मॉड्यूल, म्हणजे क्लासची पुस्तिका.

तेव्हा चौकशीच्या खिडकीवर सरळ विचारा: फीची पावती कोणाच्या नावाने निघते? गणिताचे शिक्षक शाळेच्या हजेरीपटावर आहेत का? मुलाच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर कुठल्या शाळेचं नाव येणार? हा तिसरा प्रश्न वेडगळ वाटतो, पण विचाराच. मूल बसतं एका इमारतीत आणि नाव असतं भलत्याच शाळेच्या पटावर, असले प्रकार होतात. शाळेचा यूडायस क्रमांक, म्हणजे सरकारी नोंदीतला शाळेचा ओळख क्रमांक, ११ अंकी असतो, तो मागून घ्या. मंडळाची मान्यता कोणत्या इयत्तेपर्यंत आहे तेही लेखी बघा.

एक गोष्ट माहीत असलेली बरी. जानेवारी २०२४ मध्ये केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने कोचिंगबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालच्या मुलाला क्लासने प्रवेश देऊ नये, किंवा दहावीच्या परीक्षेनंतरच द्यावा, असं त्यात म्हटलंय. आठवीतल्या मुलाला शाळेच्या वेळापत्रकातच क्लास लावणाऱ्यांना याबद्दल विचारून बघा. उत्तरापेक्षा उत्तर देतानाचा चेहरा बोलका असतो.

माझी भाची अ‍ॅरिझोनात असते. तिच्या मुलीसाठी तिनेही मला हेच विचारलं होतं. तिकडे चार्टर शाळा असतात: सरकारी पैशावर चालतात, पण कारभार स्वतंत्र, फी नाही, जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सोडत. मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये याचा पहिला कायदा केला. त्यांतल्या काही शाळा वेगवान असतात. तिकडे साधारणपणे नववीत येणारं बीजगणित त्या सातवी-आठवीतच घेतात. तिलाही मी वह्याच बघायला लावल्या. फरक एवढाच की तिला नाही पटलं तर मुलगी उठून वस्तीतल्या सरकारी शाळेत जाऊ शकते, पैसे बुडत नाहीत. आपल्याकडे आठवी ते दहावीचं 'पॅकेज' एकदम घेतात, मग वर्षभरात चूक कळली तरी बाप गप्प बसतो. म्हणून सांगते, तीन वर्षांचे पैसे एकरकमी भरू नका. सवलत मिळत असली तरी नाही. मध्येच शाळा सोडली तर किती परत मिळणार, ते छापील कागदावर घ्या.

वह्या मागा

शाळा दाखवायला नेतात तेव्हा रोबोटिक्सची लॅब दाखवतात. तुम्ही नववीच्या दोन वह्या मागा, आणि पहिल्या नंबरवाल्याची नको. देत नसतील तर ओळखीतल्या एखाद्या मुलाची मिळवा. सोसायटीत कोणी ना कोणी असतंच.

वहीत काय बघायचं? पान उलटताना नुसती उत्तरं आणि पर्यायांची अक्षरं दिसतात का, की गणित पायरी पायरीने उतरलंय? 'दिलेले आहे', 'सिद्ध करा', आकृती, एककं. चुकलेल्या गणितावर लाल रेघ आहे, पण खाली तेच गणित पुन्हा सोडवलेलं आहे का? मी सगळ्यात आधी ही जागा बघते. चूक दुरुस्त करायला जिथे वेळच ठेवलेला नाही तिथे पोर्शन संपतो, बाकी काही होत नाही. आणि बरोबरची खूण ओळीने प्रत्येक पानावर असेल तर तारखा बघा. आठवड्याभराची पानं एकाच दिवशी तपासलेली असतील तर ती तपासणी नाही, सही आहे.

विज्ञानाचं जर्नलही बघा. प्रयोगाची आकृती सगळ्यांची हुबेहूब सारखी आणि निरीक्षणांतले आकडेही सारखेच असले, तर प्रयोग फळ्यावर झालाय. अकरावीत व्हर्निअर कॅलिपर हातात दिला की अशी मुलं तो उलटा धरतात. बारावीला भौतिकशास्त्राचे १०० पैकी ३० गुण प्रात्यक्षिकाचे असतात, आणि उरलेल्या ७० गुणांच्या लेखी पेपरात पर्यायी प्रश्नांना फक्त १०. बाकी सगळं लिहायचं. तीन वर्षं ओएमआरचे, म्हणजे पर्यायी उत्तरपत्रिकेतले, गोळे काळे केलेल्या मुलाला पेपरात चार ओळींचं स्पष्टीकरण लिहिताना घाम फुटतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

घरच्या घरी चार प्रश्न

मूल अजून शाळेत घातलं नसेल तर हे त्या शाळेतल्या एखाद्या नववीच्या मुलाला विचारा, घातलं असेल तर आपल्याच मुलाला. परीक्षेसारखं नको, पोहे खाताखाता चालेल. पण मदत करायची नाही, आणि 'अरे एवढं येत नाही?' तर अजिबात म्हणायचं नाही.

पहिला: स्वारगेटहून कात्रजला निघालेल्या पीएमपीच्या बसचा अंतर-काळ आलेख काढ. बस पद्मावतीला थांबते, बालाजीनगरला सिग्नलला अडकते, मग कात्रजला पोचते.

हा माझा आवडता प्रश्न. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर स्वारगेटपासूनचं अंतर. बस थांबली की रेघ आडवी व्हायला हवी, कारण काळ पुढे जातोय आणि अंतर तेवढंच आहे. माझ्याकडे आलेल्या एका मुलाने पद्मावतीला रेघ सरळ खाली आणून शून्याला टेकवली. म्हटलं, "अरे, बस परत स्वारगेटला गेली की!" तो कागदाकडे बघत राहिला. थांबली म्हणजे शून्य, हे त्याच्या डोक्यात पक्कं. वेग शून्य झाला आणि अंतर शून्य झालं यातला फरक त्याला कधी कोणी थांबून विचारलाच नव्हता. याच मुलाला कॅल्क्युलसमधली अवकलनाची सूत्रं घडाघडा येत होती. क्षचा घन दिला की तीन क्षवर्ग असं उत्तर तोंडात तयार. पण अवकलन म्हणजे त्या रेघेचा चढ, हे कळायला आधी रेघ काढता यावी लागते. राज्य मंडळाच्या नववीच्या विज्ञानात पहिलाच धडा 'गतीचे नियम' आहे आणि त्यात हा आलेख आहे. तो धडा त्याच्या शाळेत दोन तासांत 'उरकला' होता. पुढे त्याला फार वेळ लागला नाही, मुलगा हुशारच होता. पण अकरावीतले ते आठवडे मागची डागडुजी करण्यात गेले.

दुसरा: आयताची परिमिती ४० सेंटिमीटर आहे, तर क्षेत्रफळ जास्तीत जास्त किती, आणि कशावरून? उत्तर १०० चौरस सेंटिमीटर, म्हणजे चौरस झाला तेव्हा. पण उत्तराला माझ्याकडे फारशी किंमत नाही. मूल काय करतं ते बघा. एक जण बसून तक्ता करतो: १ गुणिले १९ म्हणजे १९, ५ गुणिले १५ म्हणजे ७५, ९ गुणिले ११ म्हणजे ९९. त्याला वास लागला. दुसरी लिहिते की बाजू १० पेक्षा जेवढी जास्त, तेवढीच दुसरी १० पेक्षा कमी, म्हणून गुणाकार १०० वजा त्या फरकाचा वर्ग. शाळेतलंच बैजिक सूत्र, पण तिने ते स्वतःहून कामाला लावलं. अशा मुलीला अकरावीत कुठलाही मास्तर चालेल. तिसरा विचारतो, "याचा फॉर्म्युला काय?" आणि पेन खाली ठेवतो. नववीत दहावी संपवलेल्या शाळेतली बरीच मुलं तिसरी असतील, तर त्या शाळेने वेग दिलाय, तयारी दिलेली नाही.

तिसरा अगदी साधा: ०.३ गुणिले ०.३ किती? ०.०९ ऐवजी ०.९ म्हणणारी मुलं अकरावीत दर वर्षी भेटतात, ९० टक्केवालीसुद्धा. चौथा: त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश का? 'असतेच' हे उत्तर धरायचं नाही.

चारही प्रश्न आठवी-नववीच्या आतले आहेत. नीट शिकवणाऱ्या साध्या मराठी शाळेतली मुलंही ते सोडवतात, आणि तिथेच फीच्या आकड्याचा निकाल लागतो.

अकरावी नेमकं काय मागते

राज्य मंडळाच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिले दोन धडे एककं-मापन आणि गणिती पद्धतींचे आहेत, म्हणजे सदिश आणि कॅल्क्युलसची सुरुवात तिथेच होते. गणिताच्या पहिल्या धड्यात कोन रेडियनमध्ये मोजायला लागतात. रसायनात मोल संकल्पना लगेच येते, जिची ओळख नववीच्या 'द्रव्याचे मोजमाप' या धड्यात झालेली असते. थोडक्यात, लागतं काय तर बीजगणितात हात साफ, दहावीची समरूपता आणि त्रिकोणमिती पक्की, आलेख वाचता येणं, घातांक आणि दशांशाची भीती नसणं, आणि इंग्रजीतलं पाठ्यपुस्तक एकट्याने वाचता येणं. हे शेवटचं मराठी माध्यमातून येणाऱ्यांना सुरुवातीला जड जातं, पण सेमी इंग्रजीवाल्यांना तेवढं नाही.

यात कुठेही अकरावीचा पोर्शन आधीच झालेला असावा असं नाही. झालेला असला तर एक धोका असतो: मूल वर्गात बसून 'हे झालंय' म्हणून खिडकीबाहेर बघतं. पहिली चाचणी बरी जाते, दिवाळीनंतर घसरण लागते. उलट दुसऱ्यांदा ऐकताना ज्याला नवा प्रश्न पडतो, त्याला त्या शाळेचा खरंच फायदा झालेला असतो. अशीही मुलं मी बघितलीत.

दुसरी व्यवहाराची गोष्ट. अकरावीचा केंद्रीय प्रवेश दहावीच्या गुणांवर होतो. फर्ग्युसन असो, एस. पी. असो, गुणवत्ता यादीत फाउंडेशनच्या रँकला रकाना नाही. तेव्हा दहावीच्या वर्षी शाळा मराठी, सामाजिक शास्त्रं, इंग्रजी यांना किती तास देते ते वेळापत्रकात मोजा. सराव परीक्षा पूर्ण पेपरच्या, पूर्ण वेळ बसवून होतात का ते विचारा. २०२० च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत मराठी सक्तीचं झालंय; वेळापत्रकात ते असतंच, त्या तासाला प्रत्यक्षात कोण काय शिकवतं हे मुलांना विचारावं.

सीईटीचं म्हणाल तर एमएचटी-सीईटीत, म्हणजे राज्याच्या इंजिनिअरिंगच्या प्रवेश परीक्षेत, साधारण २० टक्के प्रश्न अकरावीवर आणि ८० टक्के बारावीवर असतात. आठवीपासून तिच्यासाठी जीव आटवायचं कारण मला आजवर कोणी पटवू शकलेलं नाही. आयआयटीसाठीच्या जेईईची गोष्ट वेगळी, तिथे लवकर सुरुवातीचा काही उपयोग होतो, पण तोही वरच्या चार प्रश्नांत उतरलेल्या मुलाला.

होर्डिंग सोडून बाकीच्यांना भेटा

नळस्टॉपच्या होर्डिंगवरचे फोटो विसरा. शाळेला दोन आकडे विचारा: आठवीत किती मुलं घेतली होती आणि त्यांतली किती दहावीला तिथेच होती? बराच फरक असेल तर गेलेली मुलं का गेली, हे त्यांच्याच आईवडिलांकडून काढा. मग शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभं राहा. व्हॅनवाल्या काकांना जेवढं माहीत असतं तेवढं प्राचार्यांनाही नसतं.

सध्या अकरावीत असलेली, मधल्या फळीतली तीन-चार मुलं गाठा. त्यांना 'शाळा चांगली होती का' असं विचारू नका, हो म्हणतात. विचारा: पहिल्या चाचणीत कशाला दचकलास? कॉलेजात आल्यावर काय नव्याने शिकावं लागलं? आता क्लास कुठला लावलास? दहावीपर्यंत तीन वर्षं फाउंडेशन करून अकरावीला पुन्हा पहिल्यापासून तोच पोर्शन दुसऱ्या क्लासात घेत असतील, तर हिशेब तुम्हीच करा. त्यातली काही 'टाय-अप'च्या कॉलेजात असतील, जिथे कॉलेज नावाला आणि क्लास दिवसभर. त्याला आळा म्हणून राज्य सरकारने २०१८ मध्ये विज्ञान शाखेला बायोमेट्रिक हजेरी सक्तीची केली होती. त्यावरून या प्रकाराचा पसारा लक्षात येईल.

प्रवासाबद्दल एकच सांगते. सिंहगड रोडवरून वाकडला मूल पाठवणार असाल तर आधी स्वतः सकाळी त्या वेळेला तो रस्ता करून बघा. संध्याकाळी परतीचाही.

मग कोणाला घालावं?

पुस्तक संपवून पुढचं मागणारं, वर्गात कंटाळणारं मूल असेल आणि शाळा वह्यांच्या परीक्षेत उतरली असेल, तर जरूर घाला. पण अशा मुलासाठी पुण्यात इतर वाटाही आहेत, आणि त्या स्वस्त आहेत. भास्कराचार्य प्रतिष्ठान १९७६ पासून आहे, गणित ऑलिंपियाडची तयारी तिथे होते. एकाच प्रश्नावर तासभर बसणं म्हणजे काय ते तिथे कळतं. आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलं हाताने काहीतरी करतात. पाचवीच्या आत मूल असेल तर ज्ञान प्रबोधिनीच्या प्रवेश परीक्षेचं बघा. आणि पुढच्या इयत्तेचं पुस्तकच हवं असेल तर बालभारतीच्या संकेतस्थळावर सगळी पुस्तकं फुकट उतरवून घेता येतात.

अभ्यासात मधलं, पण 'बाकीचे घालतात म्हणून' जाणारं मूल असेल तर मी नको म्हणते. शेजारच्या शाळेत सातवी-आठवीची बीजगणित-भूमिती पक्की होऊ दे.

आधीच घातलं असेल तर

घाबरून शाळा बदलू नका, विशेषतः नववीनंतर. तेव्हा मंडळ बदलणं कटकटीचं होतं. आठवड्यातला एक दिवस मॉड्यूल बंद ठेवा आणि चालू इयत्तेच्या साध्या पाठ्यपुस्तकातले सरावसंच वहीत, पूर्ण पायऱ्यांसह लिहायला लावा. ओपन डेला गुणांवरून वाद घालण्यापेक्षा शिक्षकांना एक चुकलेलं गणित दाखवून विचारा, "हे याला पुन्हा कधी करायला दिलंत?"

दहावीची परीक्षा संपल्यावर निकालापर्यंत हातात बराच वेळ असतो. क्लासवाले तेव्हाच अकरावी सुरू करा म्हणून मागे लागतात. पंधरा दिवस मुलाला झोपू दे, पोहू दे. मग रोज तासभर फक्त एवढंच: दहावीची वर्गसमीकरणं, समरूपता, त्रिकोणमिती, नववीचे गतीचे आलेख आणि मोल, घातांकाचे नियम. सोबत अकरावीच्या भौतिकशास्त्राच्या पहिल्या धड्यातली दोन पानं रोज मोठ्याने वाचून, न कळलेल्या शब्दांची यादी. ती यादी घेऊन कोणी आलं की मला त्याला कुठून शिकवायला सुरुवात करायची ते पहिल्याच दिवशी कळतं.